परसातला चतुष्पाद

परसातला तो दगड उलटला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे आता सगळ्यांना मान्य आहे. तो कुणी उलटला याबद्दल मात्र अजून दोन मतं आहेत. गवंडी म्हणतो, साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणतात, मी फक्त "बाजूला करा" एवढंच म्हटलं होतं.

साहेब म्हणजे रीतसरराव. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. वजनमापं खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होताना तिथून एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे "रीतसर" हा शब्द. तसा तो आधीपासूनच थोडाफार घरात होता. मुलीला मागणी घालायला गेले तेव्हा सासऱ्यांनी विचार करायला थोडा वेळ मागितला, तर यांनी मागणीची पोच मागितली होती, असं त्यांची बायको अजून सांगते. पोच मिळाली नाही. मुलगी मिळाली, यावर त्यांनी समाधान मानलं.

तर काम अगदी छोटं होतं. घराला खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि घरातलं एकमेव संडास. मध्ये एक जिना. हा जिना ज्याने बांधला त्याला बहुधा गच्चीवर पळून जायची घाई होती, इतका तो उभा होता. रीतसररावांची आई खालच्या खोलीत राहायची. तिचे गुडघे बघून डॉक्टरांनी सांगितलं, "जिना बंद." डॉक्टरांचं काय जातं सांगायला, त्यांच्या दवाखान्याला लिफ्ट आहे.

आई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अजूनही ती "हॅलो" म्हणाली की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहतो. ती जिना चढायला लागली की रीतसरराव मागोमाग दोन्ही हात पसरून चढायचे. आई मागे न बघता म्हणायची, "हात खाली घे. मी पडले तर तू काय झेलणार आहेस? दोघं मिळून पडू आणि सूनबाईला दोन माणसांचं करावं लागेल."

म्हणून ठरलं, की परसात, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून, आईसाठी एक छोटं संडास बांधायचं. पुढे रस्ता, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि ड्रेनेजची लाइन मागून गेलेली; दुसरी जागाच नव्हती. गवंड्याने खडूने चौकोन आखला. चौकोनाच्या एका कोपऱ्यात धुण्याचा दगड येत होता. वॉशिंग मशीन आल्यापासून त्याच्यावर फक्त मांजर बसायचं. मांजराला उठवलं, पहार लावली आणि दगड उताणा झाला.

खालच्या बाजूला कोरीव काम होतं.

एक प्राणी होता. चार पाय स्पष्ट होते, शेपूट होती, तोंडाच्या जागी मात्र काळाने हात फिरवला होता. रीतसररावांना तो सिंह वाटला. बायको म्हणाली, "कुत्रा आहे." गवंडी म्हणाला, "म्हैस असंल, पोट बघा." भिंतीवरून डोकावणारे ओव्हरसियरकाका हे शेजारी, आयुष्यभर रस्ते बांधले आणि आता लोकांच्या घरांवर देखरेख करतात. ते म्हणाले, "काही का असेना. पालथा घाला आणि वर काँक्रीट ओता. मी काहीही बघितलेलं नाही."

"काका, ही राष्ट्राची ठेव आहे," रीतसरराव म्हणाले.

"मग राष्ट्राला सांगा, घेऊन जा. तोवर काँक्रीट ओता."

"अहो, काका बरोबर बोलतायत," बायको म्हणाली. "आधी आईंचं होऊ दे. हजार वर्षं पडून राहिला तो, अजून थोडा राहील."

पण रीतसररावांच्या छातीत काहीतरी फुगलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूंना शिक्के मारले. आता स्वतःच्या परसात काहीतरी शिक्का मारण्यासारखं निघालं होतं. त्यांनी वारसा खात्याला पत्र लिहिलं. खाती कशी चालतात हे त्यांना माहीत असल्यामुळे, साधा दगड सापडला असं लिहिलं तर पत्र कपाटात जाईल, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी "अत्यंत प्राचीन", "दुर्मीळ" आणि "विलंब झाल्यास अपरिमित हानी" असे तीन शब्दप्रयोग आपणहून घातले. दगड रीतसर उचलून नेतील, आपण रीतसर संडास बांधू, असा साधा हिशेब होता.

खात्याची माणसं लगेच आली. सरकारी खातं इतक्या लगेच आलं की घाबरावं, हे रीतसररावांना खरं तर कळायला हवं होतं. एक संवर्धन अधिकारीबाई आणि टेप घेतलेले दोघं. बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दगड बघितला, फोटो काढले, माप घेतलं आणि विचारलं, "सापडला तेव्हा असाच होता?"

"नाही, पालथा होता."

"मग उताणा कुणी केला?"

इथे गवंडी आणि रीतसररावांची ती दोन मतं पहिल्यांदा जाहीर झाली.

"वस्तू ज्या स्थितीत सापडली त्याच जागी, त्याच स्थितीत ठेवायची असते," बाई म्हणाल्या. "पालथा करा."

"अहो, पण पालथा केला तर कोरीव काम दिसणार नाही."

"दिसण्याचा प्रश्न नाही. जपण्याचा आहे."

दगड पालथा झाला. मग एकाने त्याच्या मधोमध दोरीचं एक टोक धरलं आणि दुसरा दुसऱ्या टोकाने चुन्याच्या फक्कीची रेघ ओढत गोल फिरायला लागला. रेघ परसातून गेली, मागच्या दारातून स्वयंपाकघरात शिरली, ओट्यापाशी वळली आणि बाहेर पडली. गॅसची शेगडी संरक्षित क्षेत्रात आली, सिंक बाहेर राहिलं. गवंड्याचा खडूचा चौकोन तर पूर्णच आत.

"या वर्तुळात नवीन बांधकाम नाही, खणणं नाही, खिळा ठोकणं नाही," बाईंनी सांगितलं. "पूर्वीपासून चालू असलेला वापर चालू ठेवायला हरकत नाही."

"म्हणजे मी स्वयंपाक करू शकते?" बायकोने विचारलं.

"पूर्वीपासून करत असाल तर."

"आणि मांजर बसतं दगडावर."

बाईंनी क्षणभर विचार केला. "पूर्वीपासून बसत असेल तर हरकत नाही."

थोड्याच दिवसांत परसाला जाळीचं कुंपण आलं. मागच्या गल्लीकडून लोकांसाठी एक फाटक झालं आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर देखभालीसाठी दुसरं, कुलूपबंद. निळा फलक लागला: "संरक्षित स्मारक. चतुष्पाद शिल्प." सिंह की कुत्रा यावर तज्ज्ञांचंही एकमत झालं नव्हतं, पण पाय मोजता येत होते. तेही आता कुणाला दिसत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

यानंतर रीतसररावांचा जो काळ सुरू झाला त्याबद्दल ते स्वतः फारसं बोलत नाहीत. नगरपालिका म्हणाली, वारसा खात्याचं ना-हरकत आणा. वारसा खातं म्हणालं, नगरपालिकेचा मंजूर नकाशा आणा. एका टेबलावरच्या तरुण कारकुनाने सहानुभूतीने विचारलं, "आजींची गुडघेदुखी अधिसूचनेच्या आधीची की नंतरची?"

"आधीची. खूप आधीची."

"मग पूर्वीपासूनचा वापर म्हणून विचार होऊ शकतो. पुरावा जोडा."

रीतसररावांनी गुडघ्याचा एक्स-रे नेऊन दिला. तो फाइलला लागला आणि फाइलबरोबर वरच्या मजल्यावर गेला. वर काही ठरलं नाही. गुडघे मात्र घरी रोज जिना चढत होते.

सल्ल्यांची कमतरता नव्हती. ओव्हरसियरकाका रोज भिंतीवरून नवा सल्ला द्यायचे. "ती शेळी आहे असा अर्ज करा. शेळीला कोण संरक्षण देतंय?"

रीतसररावांनी तोही अर्ज केला. उत्तर आलं, की शेळीसुद्धा चतुष्पादच असल्यामुळे नोंदीत बदल करण्याचं कारण दिसत नाही.

या सगळ्यात त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ज्या खात्यांच्या भाषेत ते आयुष्यभर बोलले, त्याच भाषेत ती खाती त्यांना गप्प करत होती. त्यांच्या स्वतःच्या टेबलासमोर असेच किती लोक उभे राहिले असतील, हा विचार त्यांच्या मनात एकदा आला होता. त्यांनी तो पुढच्या कार्यवाहीसाठी बाजूला ठेवला.

आणि मग एक दिवस बायको आईच्या खोलीतून मनीप्लँटची कुंडी घेऊन बाहेर आली. पानं पिवळी पडून गळत होती.

"पाणी घालत नाहीस का?" रीतसररावांनी विचारलं.

"अहो, मुळं कुजलीत. पाणी जास्त झालंय." तिने आवाज खाली आणला. "मी आईंना दर थोड्या वेळाने पेला भरून देते ना, तो त्या या कुंडीत ओततात. चहासुद्धा अर्धा टाकून देतात. पाणी प्यायलं की वर जावं लागतं म्हणून."

रीतसरराव कुंडीकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली, स्वतःच्या आईची तहान आपण त्या दगडाखाली पालथी घातली असं वाटलं. ते आईच्या खोलीत गेले. आई खिडकीत बसून परसातला निळा फलक वाचत होती.

"आई, तू पाणी पीत जा गं."

"पिते की."

"कुंडी बघितली मी."

आई जराशी हसली. "त्या झाडाला पायच नाहीत रे. मला वाटलं, त्याला तरी पिऊ दे."

दुसऱ्या दिवशी रीतसरराव खात्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ज न घेता नुसतं तोंडाने बोलले. त्यांना सांगण्यात आलं की अधिकारीबाई फिरतीवर आहेत, पण वार्षिक पाहणीसाठी त्या लवकरच तुमच्याकडे येतील.

त्या आल्या. ऊन चढलं होतं, गाडीने त्या पहाटेपासून गावोगाव फिरत होत्या. दगड पालथाच आहे याची त्यांनी खात्री केली, मांजराची नोंद घेतली, आणि मग रीतसररावांच्या बायकोजवळ जाऊन हळूच विचारलं, "जरा टॉयलेट कुठे आहे?"

"वर आहे. जिन्याने."

बाई घाईने जिन्यापाशी गेल्या. जिन्याच्या मध्यावर आई होती. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. एक पायरी चढायची, दोन्ही पाय जुळवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची. मागे कुणीतरी आलंय हे तिला कळलं.

"थांबा," आई मागे न बघता एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली. "लाइन व्यस्त आहे."

बाई थांबल्या. आई चढत होती, बाई एकेक पायरी तिच्या मागे चढत होत्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. जिना इतका अरुंद की पुढे जायची सोय नाही. खाली उभ्या असलेल्या रीतसररावांना दोघींच्या पाठी दिसत होत्या आणि कुणासाठी हात पसरावेत हे त्यांना कळत नव्हतं. वरच्या पायरीवर पोचल्यावर आईने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. "आधी तुम्ही जा. मला सवय आहे."

बऱ्याच वेळाने दोघी खाली आल्या. बायकोने बाईंपुढे पाण्याचा पेला ठेवला. बाईंनी हात लावला नाही.

"नको, अजून एक ठिकाण बघायचंय," त्या म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुम्हीही पाणी कमी पिता का?"

बाईंनी पेला जरा लांब सरकवला. मग म्हणाल्या, "फिरतीवर सोय कुठे असते, आजी? किल्ल्यावर, देवळात, रानात. सकाळी निघताना अर्धा पेला प्यायचा आणि घरी आल्यावर उरलेला."

"माझ्याकडे एक कुंडी होती," आई म्हणाली. "तुमच्याकडे तीही नसेल."

बाईंनी पेला उचलला आणि त्या सगळं पाणी प्यायल्या. मग बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं, पण उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं.

"तुमच्या अर्जांना आम्ही नकार दिला तो बरोबरच आहे," त्या रीतसररावांना म्हणाल्या. "वर्तुळात खाजगी बांधकाम होत नाही. पण स्मारकावर येणाऱ्या अभ्यागतांसाठी सोय करणं हे खात्याचं काम आहे."

"पण अभ्यागत येतात कुठे? पालथा दगड बघायला कोण येणार?"

"प्रत्येक स्मारकाला अभ्यागत येतात, असं खातं धरून चालतं," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "प्रस्तावात जिन्याचा उल्लेख करायची गरज नाही."

प्रस्ताव मंजूर झाला. रीतसररावांना खरं तर थोडा रागही आला, की इतके दिवस आपण चुकीच्या मथळ्याखाली अर्ज करत होतो. वारशाच्या शेजारचं कुठलंही नवं काम वेगळं ओळखू यावं आणि वाटेल तेव्हा काढून टाकता यावं, असा खात्याचा दंडक आहे. म्हणून आली ती पत्र्याची तयार खोली, आणि ती कुणाच्याही नजरेतून सुटू नये म्हणून पोपटी रंगाची. ती बसली गवंड्याच्या खडूच्या चौकोनावर. ठेकेदाराने माणूस पाठवला तो तोच गवंडी.

"या वेळी दगडाला हात लावू नकोस," रीतसररावांनी त्याला बजावलं.

"मागच्या वेळी तरी मी कुठं लावला होता?" गवंडी म्हणाला.

खोलीबरोबर एक पहारेकरीही आला. माणूस सज्जन, पण नवाच लागलेला आणि म्हणून नियमाला पक्का. पहिल्याच सकाळी रीतसरराव आईला हाताला धरून देखभालीच्या फाटकापाशी घेऊन गेले. पहारेकरी म्हणाला, "अभ्यागतांसाठी आहे, साहेब. घरच्यांसाठी नाही. आणि अभ्यागत गल्लीकडून येतात."

रीतसरराव वाद घालणार, तोच आईने त्यांचा हात सोडवला. ती आत गेली, चांगली शाल पांघरली, पर्स घेतली, पुढच्या दाराने बाहेर पडली आणि सपाट रस्त्याने, भिंतीच्या कडेकडेने, गल्लीला वळसा घालून मागच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"हॅलो," ती म्हणाली. "शिल्प बघायला आलेय."

पहारेकरी सरळ उभा राहिला. "आजी, शिल्प पालथं आहे."

"माहितीये. दिसतंय तेवढं बघते."

आईने दगड बघितला. घाई केली नाही. दगडावर मांजर बसलं होतं, तेही बघितलं. फलक पुन्हा एकदा वाचला. मग पहारेकऱ्याला विचारलं, "इथे अभ्यागतांची काही सोय आहे का?"

पहारेकऱ्याने पोपटी दार उघडून दिलं.

त्यानंतर आई दिवसातून अनेकदा इतिहासाकडे वळायला लागली. शाल दिसली की पहारेकरी फाटक उघडून उभा राहायचा. त्याच्या हातात अभ्यागत मोजायचं छोटं यंत्र होतं. प्रत्येक खेपेला तो प्रामाणिकपणे ते दाबायचा. डॉक्टर म्हणाले, सपाट जमिनीवर चालण्याने गुडघे सुधारतायत. राहता राहिला संध्याकाळनंतरचा प्रश्न. तो आईनेच सोडवला.

"तू गेल्यावर दगड कोण सांभाळतं रे?" तिने विचारलं.

"कुणीच नाही, आजी. मला पण काळजी वाटते."

"मग स्वयंपाकघराकडच्या फाटकाची आणि या दाराची किल्ली माझ्याकडे दे. मी लक्ष ठेवते."

पहारेकऱ्याने बाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, स्थानिकांचा सहभाग खात्याला हवाच असतो. किल्ल्या आईच्या चष्म्याच्या दोरीला लटकल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण वर्ष संपलं, आकडे वर गेले, आणि वर बसलेल्या लोकांना असं दिसलं की लहान स्मारकांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यागत एका पालथ्या दगडाला येतात. मोठे साहेब स्वतः सत्काराला आले. परसात खुर्च्या मांडल्या. आपण हा ठेवा देशाच्या हवाली केला, तेव्हा सत्कार आपलाच, अशा समजुतीने रीतसरराव नवा शर्ट घालून, भाषण पाठ करून पहिल्या रांगेत बसले होते. सत्कार झाला तो "सर्वांत नियमित अभ्यागत" म्हणून आईचा. रीतसररावांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. भिंतीवरून ओव्हरसियरकाकांनीही वाजवल्या, जरा जास्तच.

मोठे साहेब खूश होते. चहा घेताना त्यांनी रीतसररावांना जवळ बोलावलं. "काय ही आस्था! या वयात! या आजी येतात तरी कुठून हो?"

अधिकारीबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. पहारेकरी यंत्राकडे बघायला लागला. रीतसररावांनी उभ्या आयुष्यात वरिष्ठाला एकही चुकीची माहिती दिली नव्हती. वजनात गुंजभर फरक असला तरी त्यांनी तो लिहिला होता. आता एक खरं उत्तर दिलं की पोपटी खोली काढून टाकता येण्यासारखी आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आईकडे बघितलं. आई शाल सारखी करत शांतपणे त्यांच्याकडेच बघत होती. घाबरलेली नव्हती, फक्त लाइन लागायची वाट बघत होती.

"लांबून येतात, साहेब," रीतसरराव म्हणाले. "पार गल्लीला वळसा घालून. रोज. गुडघे दुखत असताना."

"वा!" साहेब म्हणाले.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही रीतसररावांना आतून इतकं बरं वाटत होतं की त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. रीतसर तर ते नक्कीच नव्हतं.

लोकांचा प्रतिसाद पाहून खात्याने संरक्षित वर्तुळ वाढवलं. आता ओव्हरसियरकाकांचं फाटक आणि अर्धी मोटार त्यात येते. ते भिंतीवरून बोलत नाहीत. त्यांच्याकडचं भिंतीलगतचं स्टूलही वर्तुळात आलंय आणि ते पूर्वीपासून तिथे होतं हे त्यांना सिद्ध करता आलेलं नाही.

सत्काराच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर घरातली तिघं स्वयंपाकघरात बसली. मनीप्लँटला नवं पान फुटलं होतं. माती कोरडी झाली म्हणून सूनबाईने त्याला पाणी घातलं. आईने आपला चहा तळाशी जाईपर्यंत संपवला, पाण्याचा पेला रिकामा केला आणि दोन्ही पुढे सरकवले.

"अजून अर्धा कप टाक गं," ती म्हणाली. "मला अजून एकदा शिल्प बघायला जायचंय."